काट्याला लावलेला ऑटो

कॉलेज संपवून मी चिखलीला एका धरमकाट्यावर कामाला लागले, तेव्हा माझं काम नेमकं काय ते घरात कुणालाच सांगता यायचं नाही. आई शेजारणींना एवढंच सांगायची की पोरगी काट्यावर कॉम्प्युटर पाह्यते. ते खरंच होतं. सोयाबीनचे ट्रॅक्टर काट्यावर चढायचे, आतल्या मशीनवर वजन उमटायचं आणि पावती निघायची. ती मशीन लिनक्सवर चालायची. समोर काळा पडदा आणि पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. अशाच पडद्यापुढे कॉलेजच्या सरांनी आम्हाला बसवलं होतं, माउसला हात लावू दिला नव्हता. तेव्हा राग यायचा. आता त्यांचे उपकार आठवतात.

वजन नोंदवणारा प्रोग्राम पडद्यामागे मुकाट चालायचा. अशा प्रोग्रामला सर्व्हिस म्हणतात. लाइट गेली की मशीन बंद पडायची, आली की आपोआप सुरू व्हायची. पण ही सर्व्हिस काही उठायची नाही. तिला उठवायचा हुकूम, 'स्टार्ट', दरवेळी मी टाइप करायचे. इन्व्हर्टरची बॅटरी कधीचीच बसलेली आणि लाइटचा नेम नाही. मी डबा उघडला की काटा सांभाळणारे काका दारातून म्हणायचे, "मॅडम, काटा झोपला." बाहेर रांगेतला एखादा ड्रायव्हर हसून म्हणायचा की बाईनं फुंकर मारल्याबिगर हे वजन काही निघत नाही.

ऐन हंगामात अमरावतीहून कॉलेजचा निरोप आला, पदवीदानाचा. आमच्या घरात पदवी पहिल्यांदाच येत होती. मला शिकवायला बाबांनी काय काय केलं ते मी पाहिलंय. पण कॉलेज त्यांनी आतून कधी पाहिलं नव्हतं. ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन ते हॉस्टेलच्या फाटकापर्यंत यायचे आणि तिथूनच परतीची एस.टी. धरायचे. या वेळी त्यांना आत नेऊन खुर्चीवर बसवायचं, असं मी मनाशी ठरवलं.

मी काट्याच्या मालकांना, शेठना, सुट्टी मागितली. ते नाही म्हणाले नाहीत. "जा ना. पण तुमच्याबिगर काटा उठला पाह्यजे. तो नाही उठला तर तुम्हाले जाता येणार नाही."

हे मला जमणारं होतं. 'स्टार्ट' म्हणजे शेतातल्या मोटारीचं बटण हातानं दाबणं. 'एनेबल' हा दुसरा हुकूम म्हणजे स्टार्टरला ऑटो लावणं. लाइट आली की मोटार आपली आपण सुरू. आधी ज्यानं मशीन बसवली त्यानं हा ऑटो लावलाच नव्हता. मी लावला, आणि शेठसमोर मेन स्विच पाडून पुन्हा वर केला.

मशीन उठली. वजन काही आलं नाही.

मी नोंदी वाचायला बसले. मशीन सुरू होताना काय काय घडलं ते ती स्वतःच लिहून ठेवते. वाचण्याचा धीर हवा, आणि तो सरांनी शिकवला होता. चूक दिसली. वजनं साठवणारा डेटाबेस अजून जागा व्हायचा होता आणि त्याआधीच आमची सर्व्हिस त्याचं दार वाजवून, उत्तर न मिळाल्यामुळे, पडत होती. मला आमचं शिवार आठवलं. लाइट आली की सगळ्यांच्या ऑटोवरच्या मोटारी एकदम उठायच्या आणि डीपीचा, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज उडायचा. मग गावानं बसून पाळी ठरवली होती: आधी कोण, मागून कोण.

इथंही पाळीच लावायची होती. सर्व्हिसच्या फाइलीत मी एक ओळ घातली: डेटाबेस उठल्यावरच ऊठ. खाली दुसरी घातली: तरीही पडलीस तर जरा थांबून पुन्हा ऊठ. मेन पुन्हा पाडला, पुन्हा वर केला. या वेळी मी कीबोर्डला बोट लावलं नाही. वजन आलं. शेठनी स्वतः आणखी एकदा स्विच पाडून पाहिला आणि मग म्हणाले, "जाऊन या."

पदवीदानाच्या दिवशी बाबा सभागृहात, खुर्चीच्या काठावर बसले होते. माझा फोन त्यांच्या मुठीत होता. काट्यावरून फोन आला तर बाहेर जाऊन घ्या, असं मी सांगून ठेवलं होतं. मी मंचावरून पदवी घेऊन आले, तरी त्यांची नजर फोनवरच होती.

"काऊन माय, फोन तं आलाच नाही."

मीच काट्यावर फोन लावला. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज होता. काका म्हणाले, "लाइट तं सकाळपासून जाऊन-येऊन राह्यली. काटा चालू हाये. तुम्हाले सांगाचं राहूनच गेलं."

मी बाबांना ते सांगितलं. त्यांनी फोन मला परत दिला आणि प्रथमच खुर्चीला पाठ टेकवली.

"म्हंजे तुह्याबिगर चालते तिथलं?"

"हो बाबा."

"मंग सांजच्या गाडीनं जाऊ. तू जिथं शिकली ते मले दाखव."

मी त्यांना आधी लॅबमध्ये नेलं. सर तिथंच होते.