गिटारीची सहावी खुंटी

जबलपुरातल्या नोकरीतलं एक प्रकरण अजून माझा पिच्छा सोडत नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. एका गिटारीवरून दाखल झालेला फसवणुकीचा साधा गुन्हा होता. गप्पांत लोक खुनाच्या हकिगती मागतात, त्या मी सांगतो. ही कधी सांगितली नाही. आज लिहितो आहे, कारण यात ज्यांचं नुकसान झालं ते दोघेही आता हयात नाहीत.

मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. तिकडे आम्हाला टी.आय. म्हणतात. सकाळची हजेरी आटोपून रोजनामचा बघत बसलो होतो, तोच एक शेठ आत आले. बरोबर मुंबईहून बोलावलेला जुन्या वाद्यांचा एक जाणकार आणि चादरीत गुंडाळलेली गिटार. शेठना नामवंतांच्या वापरातल्या वस्तू जमवण्याचा नाद होता. कोणाचं घड्याळ, कोणाची छडी, कोणाचा चष्मा.

"टी.आय. साब, मेरे साथ सीधी चारसौबीसी हुई है," म्हणत त्यांनी गिटार माझ्या टेबलावर ठेवली.

मुंबईचा एक फार गाजलेला गायक स्वतः गिटार वाजवत गायचा. तो नुकताच वारला होता आणि त्याच्या वस्तूंना एकाएकी भाव आला होता. शहरातल्याच घमापुर वस्तीत राहणाऱ्या एका निवृत्त फिटरकडे त्या गायकाची गिटार आहे, असं शेठना कळलं. त्यांनी ती विकत घेतली. 'कोणतीही दुरुस्ती झालेली नाही, सर्व भाग मूळचे आहेत' असं त्या फिटरकडून लिहूनही घेतलं.

मला गिटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. जाणकाराने तासभर माझी शिकवणी घेतली. आतली कागदी चिठ्ठी कशी बघायची, पॉलिशला पडलेल्या बारीक भेगा खऱ्या की उन्हात ठेवून पाडलेल्या, हात घासून लाकूड कुठे उघडं पडतं. मग म्हणाला, "गिटार जुनी आहे, चांगली आहे. पण अशा शेकडो निघाल्या. किंमत लाकडाला नाही साहेब, ती कोणाच्या हातात होती त्याला आहे. आणि हे बघा." गिटारीच्या टोकाला तारा पिळायच्या सहा खुंट्या असतात. पाच चपट्या होत्या. सहावी गोल, पितळेची, लेथ यंत्रावर कातून काढलेली. "ही कंपनीची नाही. दोन-तीन मोडक्या गिटारी जोडून ही एक बनवलेली आहे."

लिहून दिलेलं उघड उघड खोटं होतं. मी गुन्हा नोंदवला, गिटार जप्त केली आणि त्याच दुपारी फिटरला उचलला.

तो साठी ओलांडलेला, किडकिडीत, मराठी माणूस. एका संरक्षण कारखान्यात सारी नोकरी केलेला. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात खुर्च्या मांडण्यापासून पाहुण्यांना स्टेशनवरून आणण्यापर्यंत सगळं करणारा. मी त्यांना इथे फिटरकाका म्हणतो. त्यांची एकच मागणी होती. जेलमध्ये टाका, पण गिटार खोटी आहे असं म्हणू नका.

"अठ्ठावीस वर्षं झाले साहेब. आपल्या मंडळाच्या कार्यक्रमाला आले होते ते. कार्यक्रम झाला अन् सगळ्यांसमोर त्याइनं मले गिटार देऊन टाकली. सारं घमापुर सांगते. मी खोटं काहून बोलू?"

त्यांनी एक फोटोही दाखवला. गायक गिटार देतोय, फिटरकाका हात पुढे करून उभे. पण फोटो बोटाएवढा, पिवळा पडलेला. गिटार दिसत होती, हीच का ते कसं कळणार?

मी चौकशी सुरू केली. काय गाणी झाली, कोण तबल्यावर होतं, गायकाने चहा घेतला की कॉफी, सगळं धडाधड सांगायचे. खुंटीवर आलो की माणूस थिजायचा.

"ही पितळेची खुंटी कुठून आली?"

"आधीचीच आहे जी."

"कंपनी पाच एकसारख्या आणि सहावी दुसरी बसवते?"

"मले काय माहीत? तशीच भेटली."

आणि नजर खाली. माझ्या हाताखालच्या लोकांना मी नेहमी सांगायचो, संशयित कुठे अडखळतो तिथे बोट ठेवा. मी बोट ठेवलं आणि दाबत राहिलो. मारहाण केली नाही, पण शब्दांनी सोलून काढलं. "म्हातारपणी ही थेरं? मंडळातले लोक काय म्हणतील?" असंही बोललो. ते वाक्य मी बोललो याची मला आज लाज वाटते. दोन दिवसांची कोठडी मिळाली. घमापुरात तोवर बातमी पसरली होती आणि मंडळाच्या सचिवांनी ठाण्यात येऊन, आमचा यांच्याशी संबंध नाही, असं सांगूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको डबा घेऊन आली. मुंशीजींनी, म्हणजे आमच्या ठाण्याच्या कारकुनी हवालदारांनी, नियमाप्रमाणे डबा उघडून भात चमच्याने उकरून बघितला. ते पाहून बाई एकदम रडायलाच लागल्या. मला वाटलं अपमान वाटला. मी आत बोलावून पाणी दिलं.

"साहेब, ते खोटं बोलून राहिले," त्या म्हणाल्या. "पण गिटारीचं नाही. खुंटीचं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कार्यक्रमाच्या सकाळी गायक गाडीतून उतरला तेव्हा गिटारीची एक खुंटी मोडलेली होती. अख्ख्या जबलपुरात तशी मिळेना. मंडळाची अब्रू जायची वेळ. फिटरकाका मोडकी खुंटी खिशात घालून ड्यूटीवर गेले. त्यांच्या विभागात लेथ नव्हती. दुसऱ्या विभागातला एक तरुण टर्नर त्यांचा मित्र होता. त्याने जेवणाच्या सुट्टीत सरकारी पितळेच्या तुकड्यातून खुंटी काढून दिली. गेटवर झडती व्हायची, म्हणून काकांनी ती डब्यात, उरलेल्या भातात खुपसून बाहेर आणली. संध्याकाळी गायक गायला. खुंटी कशी मिळाली हे त्याला कळलं, आणि त्याने खुश होऊन गिटारच देऊन टाकली.

"संरक्षणाच्या कारखान्यातून सुई जरी बाहेर नेली तं चोरी होते साहेब. ते तं रिटायर झाले. पण तो टर्नर अजून नोकरीत आहे. थोडेच महिने राहिले त्याचे. म्हणून ते तोंड उघडून नाही राहिले. अच्छा झालं, मी बोलून टाकलं."

मी ताडकन उठलो. मंडळाचे फोटो ज्या स्टुडिओने काढले होते तो अजून चालू होता आणि मालकाने जुन्या निगेटिव्ह जपून ठेवल्या होत्या. एका निगेटिव्हमध्ये गायक मंचावर गात होता, गिटारीचं टोक कॅमेऱ्याकडे. मोठी प्रत काढली. पाच खुंट्या चपट्या, सहावी गोल. खाली पितळेला पडलेली बारीकशी खाचही तीच. ज्या खुंटीमुळे गिटार नकली ठरली, तिच्यामुळेच ती जगातल्या बाकी सगळ्या गिटारींपासून वेगळी निघत होती. मुंबईचा जाणकार भिंग घेऊन प्रत आणि खुंटी आळीपाळीने बघू लागला. शेठ म्हणाले, "वाह! तब तो इसका दाम और बढ़ेगा!"

निरोप मिळताच टर्नर आढेवेढे न घेता ठाण्यात आला. गिरणीत दळण टाकायला आल्यासारखा शांत. "खुंटी मी काढली. लिहा तुम्ही. दादा आत बसून राहिले अन् मी बाहेर फिरू काय?" मी बयान लिहून घेतलं.

मग तो मोठा फोटो घेऊन मी कोठडीपाशी गेलो. खरं सांगतो, मोठ्या ऐटीत गेलो. "काका, सुटलात तुम्ही. गिटार अस्सल आहे."

त्यांनी फोटो पाहिला, आणि त्यांचा चेहरा उतरला. गज धरून उभे राहिले.

"त्याचं नाव लिहिलं काय?"

"बयान घेतलं त्याचं."

"फाडा ते साहेब. हात जोडतो. गिटार नकली आहे असं लिहा. मी शेठले फसवलं असं लिहा. मी सही करून देतो."

दोन दिवस जो माणूस फक्त एवढंच मागत होता की गिटारीला खोटी म्हणू नका, तो मला ती खोटी आहे असं लिहायला सांगत होता. मी त्यांना समजावलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा पितळेचा तुकडा, आता कोण विचारतो? चलो, घरी जा, आंघोळ करा, जेवा. मला खरोखरच तसं वाटत होतं.

आता माझी चूक सांगतो. गुन्हा बंद करायचा अहवाल, आम्ही त्याला खात्मा म्हणायचो, तो नुसत्या फोटोवरही मंजूर झाला असता. टर्नरचं नाव घालायची गरज नव्हती. पण माझी केस डायरी म्हणजे माझा अभिमान. त्यात एकही कडी सुटता कामा नये. खुंटी कोणी, कुठल्या यंत्रावर, कुठल्या धातूची काढली, सगळं ओळीने लिहिलं. वरिष्ठांनी शाबासकी दिली. वर्तमानपत्रात चौकट आली. त्या सुमारास कारखान्यातून पितळ चोरीला जात असल्याची ओरड होती आणि तिथल्या साहेबांना कोणावर तरी कारवाई दाखवायची होती. त्यांनी कागद मागवले. मीच प्रती पाठवल्या, माझ्या सहीने.

टर्नरवर विभागीय चौकशी बसली. ठाण्यातलं बयान सहीशिवायचं होतं आणि काकांनी त्याला तिथे तोंड उघडू दिलं नाही, म्हणून सगळं गिटार अस्सल ठरण्यावर आलं. फिटरकाका तिथे साक्षीला आले आणि शपथेवर म्हणाले की गिटार नकली आहे, खुंटी मी भंगारवाल्या कबाड्याकडून घेतली, पोलिसांना मी बनवलं. घमापुरात चौकाचौकांतही ते हेच सांगत फिरत होते. अटकेच्या दिवशीच बायकोने शेठचे पैसे परत केले होते, म्हणून गिटार काकांकडेच परत आली होती. शेठ दुप्पट भाव घेऊन दारात आले, त्यांनाही म्हणाले, "नकली आहे, काहून पैसे वाया घालवता?"

मलाही बोलावणं आलं. चौकशी अधिकाऱ्याने मोठा फोटो पुढे सरकवला आणि विचारलं, "आपके हिसाब से यह गिटार असली है?"

काका समोरच्या बाकावर होते. त्यांनी माझ्याकडे बघून अगदी हलकेच नकाराची मान हलवली. एका शब्दाचं काम होतं. खात्री नाही, एवढं म्हणालो असतो तरी टर्नर वाचला असता. पण मी आयुष्यात साक्षीत खोटं बोललो नव्हतो.

"असली है," मी म्हणालो. "कोई शक नहीं."

टर्नरला निवृत्तीला चार महिने राहिले असताना नोकरीतून काढलं.

साक्षीदार कुठे अडखळतो ते बघा, हे मी पुढेही शिकवत राहिलो. त्यात एवढंच वाढवलं की तो कोणासाठी अडखळतो तेही बघा, आणि लिहायच्या आधी बघा. ऐकणारे माना डोलवायचे. मला स्वतःला ते जमलं नव्हतं, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी साक्ष देऊन मी बाहेर पडलो तेव्हा काका व्हरांड्यात उभे होते. मला वाटलं आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमचं काही चुकलं नाही साहेब," ते म्हणाले. "तुमी खरं तेच बोलले. मीच मूर्ख. इतके वर्षं खरी आहे, खरी आहे म्हणून साऱ्या गावाले सांगत फिरलो."