आमाले देल्लं कोनं?

वकीलबाई कोर्टाची पायरी कधी चढली नव्हती, पण गावात तिच्यासमोर साक्षीला उभं राहायची कोणाची छाती नव्हती. संत्र्याचा व्यापारी असो की घरचा जावई, "मतलब?" हा तिचा पहिला प्रश्न. तो बिचारा मतलब सांगू लागला की दुसरा प्रश्न तयार. पांढुर्णा-सावरगावात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते, नदीच्या दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगड चालतात. आमच्या वकीलबाईचे बारा महिने चालायचे. मी गावच्या शाळेत मास्तर आणि तिचा शेजारी, त्यामुळे मला जरा जास्तच लागायचे.

तिचं घर गावविहिरीला लागून. पाहुणा आला की चहाच्या आधी तांब्या पुढे करायची आणि तो पिऊन होईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. "गोड हाय ना?" नाही म्हणायची सोय नव्हती, आणि पाणी खरंच गोड होतं. मग सौसरच्या रस्त्याला एक परदेशी कंपनी आली. तिनं नाल्यात फेसाळ पाणी सोडलं आणि नाल्याकाठच्या आमच्या विहिरीला वास यायला लागला. तक्रार घेऊन गेलेल्यांना फाटकावर थंड सरबत मिळालं. साहेब मीटिंगमध्ये होते.

पुढे कंपनीला आमचा कळवळा आला. हा कळवळा कायद्यानं येतो, नफ्यातला थोडा वाटा समाजावर खर्चावाच लागतो, हे मला मागाहून कळलं. शाळेला रंग लागला, पोरांना कंपनीच्या नावाची दप्तरं मिळाली आणि शाळेसमोर शुद्ध पाण्याचं निळं मशीन बसलं. पाण्याची धार बारीक, नावाची पाटी मोठी. ज्यांनी विहीर नासवली त्यांनीच पेला पुढे करायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या, याला म्हणे सामाजिक जबाबदारी म्हणतात. मला त्या निळ्या रंगाची अजून चीड येते.

उद्घाटनाला मोठे साहेब आले. माईक माझ्याकडे होता. साहेब म्हणाले, "आज से हमने इस गाँव को गोद लिया है।" मी मराठी केलं, "कंपनीनं आपलं गाव दत्तक घेतलं आहे."

बायांच्या घोळक्यातून वकीलबाई उठली. "मतलब?"

"म्हणजे काकू, आता गावाची काळजी ते घेणार."

"थांब बाप्पा मास्तर. मी सोता दत्तक गेलेली हावो. रामाकोन्याच्या सख्ख्या मायनं मले मोठ्या मायच्या वटीत टाकलं. रडत रडत टाकलं, तवा मी तिची झाली. देनारा असल्याबिगर घेता येत नाई. आमाले देल्लं कोनं?"

मी प्रश्न जसाच्या तसा हिंदीत सांगितला. साहेब हसले. "माताजी बहुत स्वीट हैं," म्हणाले आणि फोटोवाल्याला खूण केली. तिच्या हातात मशीनच्या पाण्याचा पेला दिला गेला. तिनं तो शांतपणे शेजारच्या कडुनिंबाच्या बुडाशी ओतला. "आंदी हीर साफ करून द्या साहेब, मंग तुमच्या हातचं पानी पेईन."

त्या दिवसापासून तिनं मशीनचं पाणी तोंडाला लावलं नाही. तिचा पोरगा मोटरसायकलवर रामाकोन्याहून, तिच्या जन्मघरच्या विहिरीवरून, कॅन भरून आणायचा. कंपनीची जीप दिसली की ही रस्त्यात उभी. समाजसेवेच्या खात्यातला कोवळा पोरगा उतरायचा, त्याला ही चक्क बाप म्हणायची. "कावो बाबा, लेकीची हीर कवा साफ करून राहिले?" तो कानापर्यंत लाल व्हायचा. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, मशीनचा फोटो येतो. नाला साफ केला तर आधी तो घाण कोणी केला ते लिहावं लागेल." तेवढं एक खरं वाक्य मी त्या कंपनीच्या तोंडून ऐकलं.

गेल्या उन्हाळ्यात वकीलबाईनं अंथरूण धरलं. पोराला तिनं बजावून ठेवलं होतं, "मरताना तोंडात मशीनचं पानी टाकू नोको. ऐकून राहिला ना?" त्या दुपारी तिचा श्वास अडकू लागला आणि पाहतो तर कॅन रिकामा. पोरानं गाडीला किक मारली. रामाकोना काही फार लांब नाही, पण इकडे तेवढाही वेळ नव्हता. मी गावविहिरीतून बादली काढली. वासानं बायांनी पदर नाकाला लावले, मी ती तशीच खाली ठेवली. शेवटी सून रडत रडत शाळेकडे धावली आणि त्या निळ्या मशीनचं पाणी वाटीत घेऊन आली.

चमचाभर पाणी तिनं सासूच्या ओठांत सोडलं. ते तोंडात राहिलं नाही, हनुवटीवरून उशीवर ओघळलं. दुसरा चमचाही तसाच.

"गिळवत नाई बिचारीले," बाया म्हणाल्या.

मी तिची हनुवटी पुसली. तिच्या शेजारात माझा जन्म गेला होता. काकू नाही म्हणत होती.