चौथा बुरूज

लेस्टरमधल्या आमच्या हॉस्पिटलात एक पोर्तुगीज पोर्टर आहे. पेशंटची ट्रॉली ढकलतो, आणि कोणी थँक यू म्हटलं तरी नुसती मान हलवतो. लॉकरच्या दारावर मात्र त्याने आपल्या गावाचा झेंडा लावलाय. त्याबद्दल विचारलं, की बोट ठेवून सांगतो, "निळी पट्टी ही नदी. हे मक्याचं कणीस. वरच्या मुकुटाला तीन बुरूज, म्हणजे खेडं. शहर झालं, की चौथा मिळतो."

गेल्या महिन्यात त्याच्या गावाला चौथा मिळाला. भाच्याने नवा झेंडा पाठवला. मी अभिनंदन केलं. त्याने झेंड्याची नीट घडी घातली आणि लॉकरमध्ये टॉवेलखाली ठेवून दिली. दारावर जुनाच राहिला.

"नवा लावणार नाहीस?" मी विचारलं.

"शहरात राहतोच आहे, डॉक्टर. परत जायला खेडंच हवं."