ब्रेकमास्तरांचा उजवा पाय

ब्रेकमास्तरांना खोटं बोलता येत नव्हतं. यात त्यांच्या सज्जनपणाचा फारसा संबंध नव्हता. दोष पायाचा होता.

आयुष्यभर ते मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसत आले होते. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात, आणि मास्तरांच्या पायाखाली जास्तीचा एक ब्रेक. समोर सायकलवाला आला, कुत्रं आडवं गेलं, की शिकणाऱ्याच्या आधी मास्तरांचा पाय खाली जायचा. हळूहळू त्या पायाला गाडीची गरज उरली नाही. न्हाव्याचा वस्तरा गळ्याशी आला की पाय खाली. बँकेतल्या माणसाने "जरा बसा, साहेबांनी बोलावलंय" म्हटलं की पाय खाली. बायको म्हणायची, "यांच्याशी भांडायची सोय नाही. मी आवाज चढवला की हे मला थांबवायला बघतात."

हिवाळ्यात लवकर अंधारायचं. धुकं उतरून समोरचा दिवा पुसट झाला की ट्रेनिंग स्कूलची गाडी शेडमध्ये जायची आणि मास्तरांच्या संध्याकाळी रिकाम्या व्हायच्या. म्हणून दर शनिवारी त्यांच्या घरी खुनाचा खेळ असे. खिडक्या लावलेल्या, काचांवर आतून वाफ, गोल टेबलाभोवती सहा खुर्च्या आणि मधे खोक्यातला एक नवा मेलेला माणूस. खोक्यात सगळ्यांसाठी पत्ते असत: कोण माळी, कोण स्वयंपाकी, कोण पुतणी. ज्याच्या पत्त्यावर लाल ठिपका, तो खुनी. गोष्ट वाचायची मास्तरांची बायको, आणि नियमातून ती देवालाही सूट देत नसे. नियम एकच: खोटं बोलायचा हक्क फक्त खुन्याला. बाकीच्यांनी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं.

ठिपका मास्तरांकडे गेला की खेळ दहा मिनिटांत संपायचा. टेबलाच्या पायांना खालून जोडणारी एक आडवी लाकडी पट्टी होती. मास्तर खोटं बोलले की त्यांचा पाय त्या पट्टीवर पडायचा, टेबल हलायचं आणि चहाच्या कपात लाट उठायची. त्यांचा शाळेपासूनचा मित्र, बेकरीवाला, तेवढ्यासाठी चहा न पिता ठेवून द्यायचा.

या हिवाळ्यात मात्र मास्तरांच्या पोटात एक खरी गोष्ट होती.

त्यांच्या वहिनी गाडी शिकत होत्या. मास्तरांचे थोरले भाऊ दोन वर्षांपूर्वी गेले, त्यांची निळी गाडी मागे राहिली, ती आता त्यांचा मुलगा, म्हणजे मास्तरांचा पुतण्या, चालवत असे. वहिनींनी पावसाळा सरल्यावर एकदा शिकण्याचा विषय काढला होता. पुतण्या विमा कंपनीसाठी अपघात झालेल्या गाड्या तपासायचा. त्याने आईपुढे फोन धरला आणि चेपलेल्या गाड्यांचे फोटो दाखवले, ओळीने, जेवण गार होईपर्यंत. दुसऱ्या दिवशी वहिनी मास्तरांकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, लायसन्स हातात आल्याशिवाय मला वाद घालायचा नाही. तोवर कुणाला सांगायचं नाही. तुमच्या बायकोलाही नाही."

तेव्हापासून रोज पहाटे, ट्रेनिंग स्कूल उघडायच्या आधी, त्या "फिरायला" निघत आणि कोपऱ्यावर स्कूलच्या गाडीत बसत. "चालण्याने तब्येत सुधारली हं तुझी," पुतण्या म्हणायचा. परीक्षा येत्या मंगळवारी होती. मास्तरांना आणखी फक्त एक शनिवार काढायचा होता.

त्या शनिवारी बायकोने पत्ते वाटले. मास्तरांनी आपला पत्ता कोपऱ्यातून उचलून पाहिला. माळी. ठिपका नाही. त्यांना इतकं हायसं वाटलं की त्यांनी दोन बिस्किटं घेतली. शेजारी वहिनींनी आपला पत्ता बघून पालथा ठेवला. खेळात त्या मेलेल्या म्हाताऱ्याची पुतणी होत्या.

"मला परत स्वयंपाकी," बेकरीवाला म्हणाला. "खोक्यावाल्यांना माझा धंदा कुणी सांगितला?"

वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरबाईंनी तपासाला सुरुवात केली. त्या प्रश्न विचारतानाही 'आता थोडं दुखेल' अशा चेहऱ्याने विचारायच्या.

"माळीबुवा, म्हातारा मेला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"गुलाबांना पाणी घालत होतो."

"इतक्या थंडीत?"

"पत्त्यावर तसंच लिहिलंय."

बेकरीवाल्याने कपात डोकावून पाहिलं. "लाट नाही. माळी निर्दोष."

पुतण्या या खेळात इन्स्पेक्टर होता. त्याने बिस्कीट चहात बुडवलं आणि सहज म्हणाला, "अगं आई, विसरलोच. बाबांची गाडी बघायला उद्या गिऱ्हाईक येतंय. भाव चांगला देतोय. नुसती उभीच असते निम्मा वेळ."

टेबलाखाली काडकन आवाज झाला. सहाही कप उडाले. डॉक्टरबाईंचा तर आडवाच झाला.

पुतण्या फोनचा दिवा लावून टेबलाखाली गेला. धंद्याची सवय, काही मोडलं की तो आधी खाली वाकायचा. बराच वेळ फक्त त्याचा आवाज वर येत राहिला.

"पट्टी मोडलीय. काकांचा पाय इथे आहे, ते समजू शकतो. पण दाब दोन ठिकाणी आलाय." दिवा सरकला. "आई, तुझा उजवा पाय पट्टीवर काय करतोय?"

"गोळा आला पायात," वहिनी म्हणाल्या.

"हे खेळातलं आहे का?" बेकरीवाल्याने विचारलं.

बायकोने गोष्टीचा कागद उलटसुलट करून पाहिला. "पट्टीचा उल्लेख नाही."

पुतण्या वर येऊन बसला. त्याने गुडघे झटकले. मग कुणाकडेही न बघता म्हणाला, "बाहेर गवतावर रोज इतकं दव असतं. आई तासभर फिरून येते आणि तिचे बूट कोरडे असतात. मला वाटायचं, चांगले बूट आहेत." तो मास्तरांकडे वळला. "इन्स्पेक्टरचा माळ्याला प्रश्न. तुम्ही माझ्या आईला गाडी शिकवता?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. हा प्रश्न नियमात बसत नाही असं ती म्हणेल अशी त्यांना आशा होती.

"कुठलाही प्रश्न चालतो," बायको म्हणाली. "शिवाय रोज पहाटे उठून तुम्ही जाता कुठे, हे मलाही कळू दे."

मास्तरांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी बिस्किटाकडे बघत होत्या. तोंड उघडावं तर शब्द मोडत होता, बंद ठेवावं तर नियम. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं, तो लाल ठिपका आपल्याकडे असता तर.

"माळ्याला गाडी येत नाही," ते म्हणाले.

पाय खाली गेला. पट्टी नव्हती, त्यामुळे तो थेट फरशीवर आपटला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठीने ठोकलं.

"मास्तर," बेकरीवाला हळहळून म्हणाला, "राहू द्या. बघवत नाही."

"बरं. शिकवतो. पावसाळा संपल्यापासून."

पुतण्याने मान हलवली आणि आईकडे वळला. "आई, तू गाडी शिकतेस?"

"छे," वहिनी म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

सगळे आपापल्या परीने हिशेब करू लागले.

"दोघांपैकी एक खोटं बोलतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"आणि खोटं बोलायचा हक्क फक्त खुन्याला," बायको म्हणाली.

"आणि मास्तरांना ते जमत नाही, आत्ताच पाहिलं," बेकरीवाला म्हणाला.

पुतण्याने सुस्कारा सोडला. "म्हणजे म्हातारा तू मारलास."

वहिनींनी पत्ता उलटा केला. लाल ठिपका होता. "मारला," त्या म्हणाल्या. "चहातून. आणि मंगळवारी माझी परीक्षा आहे."

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं होतं. तू फोटो दाखवलेस."

"पण आई, गरज काय आहे? मी आहे ना."

"तुझे बाबाही हेच म्हणायचे." वहिनींनी टेबलावरचा चुरा बोटाने एका जागी गोळा केला. "जन्मभर त्या गाडीत मी शेजारी बसले. बाजूच्या खिडकीतून जे जे दिसतं ते मला पाठ आहे. आता समोरचं बघायचंय."

पुतण्याने धंद्याचा आवाज काढला. "काका, खरं सांगा. कशी चालवते?"

सगळ्यांनी बेकरीवाल्याच्या कपाकडे पाहिलं. बेकरीवाल्याने तो दोन्ही हातांनी नीट मधोमध सरकवला.

"गाडी मागे घेताना मान पुरती वळवत नाहीत," मास्तर म्हणाले. "चढावर जरा घाई करतात. बाकी, गेला आठवडाभर मी ब्रेकला पाय लावलेला नाही."

चहा तसाच राहिला, वर साय धरलेला, स्थिर.

"लाट नाही," बेकरीवाला म्हणाला.

पुतण्याने खिशातून गाडीची किल्ली काढली. ती आईच्या हातात दिली नाही. नुसती टेबलावर, ठिपक्याच्या पत्त्याशेजारी ठेवली. "गिऱ्हाईकाला सांगतो, मंगळवारनंतर ये म्हणून."

"ये म्हणू नकोस," वहिनी म्हणाल्या आणि किल्ली उचलून शाल घ्यायला गेल्या.

शिकाऊ लायसन्स त्यांच्या पर्समध्ये होतंच. शेजारी पक्क्या लायसन्सचा माणूस बसला की झालं. खाली गाडीत पुतण्याने आईशेजारी बसताना पट्टा लावला, मग ओढून पाहिला, मग परत ओढून पाहिला.

मास्तर खिडकीशी उभे राहिले. काचेवरची वाफ त्यांनी बाहीने पुसली. निळी गाडी एक आचका देऊन निघाली, मग सावरली, आणि ओल्या रस्त्यावरून बेताने लांब जात राहिली. वळणावरून एक सायकलवाला आला, बिनदिव्याचा. धुक्यात गाडीचे ब्रेकचे दोन लाल दिवे लागले.

मास्तरांचा पाय खाली गेला. पण दिवे आधी लागले होते.

"पाय उचला आता," मागून बायको कप गोळा करत म्हणाली. "आणि ती पट्टी उद्या बसवून द्या. रोज पहाटे तुम्ही कुठे जाता याबद्दल मी जे धरून चालले होते, ते मी काही सांगणार नाही."

"मी विचारतही नाही," मास्तर म्हणाले.