शुक्रवारी आलेला रिपोर्ट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आज तुम्हाला सांगतेय — का, ते विचारू नका, माझं मलाच धड ठाऊक नाही.

मी नागपूरची, हाडांची डॉक्टर. आयर्लंडमधल्या किलकेनीजवळच्या एका गावात राहते. लेक बास्केटबॉल खेळते, म्हणून तिच्या क्लबची फुकटची डॉक्टरही मीच. मोठ्यांच्या टीमसाठी क्लब दर सीझनला एक अमेरिकन खेळाडू पगारावर आणतो. त्या वर्षी डॅरेल होता. वय तेहतीस. अकरा वर्षांत सात देश — हंगेरी, सायप्रस, आणखी कुठे कुठे — दोन बॅगा आणि एकेका वर्षाचा करार. आमच्याकडे येऊन वरण-भात ओरपायचा. पुढच्या सीझनला पोर्तुगालचा क्लब त्याला घेणार होता, चक्क दोन वर्षांसाठी! दोन वर्षं एकाच घरात राहायला मिळणार, याचंच त्याला कोण अप्रूप.

सेमीफायनलनंतर त्याचा गुडघा सुजला. मीच एमआरआय करायला लावला. शनिवारी फायनल, क्लबची पहिलीच. दुकानात, शाळेच्या गेटवर लोक मला थांबवायचे — काय म्हणतात आमच्या डॉक्टर, खेळणार ना तो? आमच्या! इथे आल्याला तेव्हा आठ वर्षं झाली होती, आणि हे पहिल्यांदा ऐकत होते. भाळले हो मी त्यावर. लाज वाटते सांगायला.

शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन आला. "डॉक, रिपोर्ट?"

"नाही आला अजून," मी म्हणाले. "सूज उतरलीय ना? मग खेळ."

इथे रिपोर्टला आठवडे लागतात, हे सगळ्यांनाच माहीत. कोण शंका घेणार? पण तो — तो रिपोर्ट दुपारीच आला होता. माझ्यासमोर स्क्रीनवर उघडा होता. लिगामेंट अर्धं फाटलेलं. मी दोनदा वाचला होता.

फायनलच्या तिसऱ्या क्वार्टरला डॅरेल उडी मारून खाली आला, तो उठलाच नाही. कप आम्ही जिंकलो. पोर्तुगालने करार रद्द केला. त्यानंतर त्याला कुठल्याच क्लबने बोलावलं नाही.

आता तो त्याच्या गावी गोदामात काम करतो. दर ख्रिसमसला न चुकता फोन करतो. गेल्या वेळीही म्हणाला, "रिपोर्ट एक दिवस आधी आला असता ना, डॉक! पण तुम्ही मात्र माझी फार काळजी घेतलीत."

"हो ना," मी म्हणाले, "इथे फार उशीर होतो."