डोमाजींना उजेड लागू पडेना

विषय: कातडीच्या लिम्फोमावरील प्रकाशोपचार काही रुग्णांना लागू न पडणे.

संदर्भ: भंडारा–नागपूर एसटीतील तीन प्रवासी.

वरील विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, आम्ही तिघे आठवड्यातून दोन-तीनदा नागपूरच्या इस्पितळात उजेड घ्यायला जात असू. आंधळगावचे डोमाजी, धानाचे शेतकरी; शहापूरचे यादवराव, किराणा दुकानवाले; आणि मोहाडीचा मी, निवृत्त कारकून. कचेरीत फायली साचतात, तसे एका रोगाच्या तीन माणसांत किस्से साचतात. फरक एवढाच की किस्से पुढे सरकतात!

* * *

रक्तातल्या पांढऱ्या पेशी बिघडून कातडीत मुक्काम ठोकतात, असा हा कॅन्सर. दिसतो मात्र गजकर्णासारखा. त्यामुळे नागपूर गाठण्याआधी तिघांनीही वर्षानुवर्षे गजकर्णाचे मलम चोळले होते.

यादवराव म्हणायचे, "बाबूजी, माह्या दुकानात ते मलम मीच विकत होतो अन् मीच संपवत होतो! अन् गिऱ्हाइकाले छातीवर हात ठेवून सांगत होतो, गुण येते म्हणजे येतेच!"

चट्टे छातीवरच होते.

* * *

उजेडाचे यंत्र म्हणजे माणसाच्या उंचीचे कपाट, आत चहूबाजूंनी नळ्या. लंगोटीवर, काळा चष्मा लावून आत उभे राहायचे. यादवरावांनी पहिल्या दिवशी तो निळा झगझगाट पाहिला आणि हात जोडले. पुढे दर वेळी तसेच. पाठ, पोट, छाती स्वच्छ झाली. काखा आणि कोपरांच्या वळ्या जशाच्या तशा!

सिस्टरने एकदा फटीतून पाहिले. "अहो काका, काखेत उजेड जाणार कुठून? हात वर करा!"

"देवासमोर हात वर कोन करते, सिस्टर?"

"मग पोलिसासमोर उभे आहात असं समजा!"

काखाही स्वच्छ झाल्या. यादवरावांची देवावरची श्रद्धा कायम आहे. पोलिसांबद्दलचा आदर वाढला.

* * *

माझे चट्टे पातळ होते, तेही गेले. राहिले डोमाजी. त्यांच्या मानेवरचे आणि भुवयांवरचे चट्टे हलेनात. उलट भुवयांचे केस झडू लागले. आम्ही दोघे बरे झालो होतो, म्हणजे आपोआप तज्ज्ञही झालो होतो. मी म्हणालो, ते यंत्रात नीट उभे राहत नसतील. यादवरावांनी छातीठोक निदान केले, "तुमाले खर्रा नडून राहिला, डोमाजी!"

मिसरूड फुटल्यापासूनचा तंबाखू-सुपारीचा खर्रा डोमाजींनी सोडला. बसमध्ये चिडचिड सुरू झाली. कंडक्टरही त्यांच्याकडे सुट्टे मागेना.

पुढच्या तपासणीला ते डॉक्टर मॅडमना म्हणाले, "खर्रा सोडला, तरी हे काहून जाऊन नाही राहिलं?"

"खर्रा सोडलात ते फार छान केलंत," मॅडम म्हणाल्या, "पण या रोगाशी त्याचा काही संबंध नाही."

परतीच्या बसमध्ये डोमाजी यादवरावांकडे नुसते पाहत बसले. यादवराव शहापूरच्या एक स्टॉप आधीच उतरले!

* * *

मग मॅडमनी डोमाजींच्या कातडीचा तुकडा पुन्हा काढून तपासला.

"या दोघांचा रोग कातडीच्या वरच्या थरात होता. तुमचा केसांच्या मुळांभोवती, खोल बसलाय. आपला उजेड तेवढा खोल पोचत नाही."

मी विचारले, "पॉवर वाढवली तर?"

"वरची कातडी भाजेल. खालचा रोग मजेत राहील."

डोमाजी म्हणाले, "समजलं. खोडकिडा हाय हा. वरून फवारलं त पानं ओली होते, तो आत जेवत बसते."

मॅडम हसल्या नाहीत. मानेवर गाठ धरू लागली होती. आता खोलवर जाणारे रेडिएशन लागेल, आणि लवकर, असे त्यांनी सांगितले.

"रोवण्याच्या आधी होईन ना?" डोमाजींनी विचारले. धान रोवण्याच्या पलीकडचे कॅलेंडर त्यांच्याकडे नव्हते.

* * *

रेडिएशनला सरकारी योजनेची मंजुरी लागते. अर्ज मी लिहिला. जन्मभर अर्जच तपासले, त्यामुळे तो कुठे अडेल ते मला पाठ होते. तो दुसरीकडेच अडला!

शेरा आला: "आधीचा उपचार पूर्ण केल्याचा दाखला जोडावा." मॅडमनी तर तो मध्येच थांबवला होता. आम्ही योजनेच्या खिडकीवर गेलो.

"मग आधी तो पूर्ण करा," खिडकीतला तरुण म्हणाला.

डोमाजी म्हणाले, "ज्यानं काही होत नाही, ते पूर्ण करू?"

"नियम आहे, बाबा."

"मंग लाइट बंद ठेवून उभा राहतो ना त्या कपाटात! मले दोन्ही सारखंच हाय!"

तरुणाने पेन खाली ठेवून खरोखर विचार केला. म्हणाला, "चालेल का ते वरिष्ठांना विचारून सांगतो."

वरिष्ठांचे उत्तर यायच्या आत मॅडमनीच दाखला लिहून दिला: "उपचार पूर्ण. रोग शिल्लक."

त्यावर शेरा: "रोग शिल्लक असता उपचार पूर्ण कसा, याचा खुलासा करावा."

खुलासा सादर केला आहे. डोमाजींची रोपे रोवण्याजोगी झाली आहेत. मानेवरची गाठ सदऱ्याच्या कॉलरला लागते.

अर्ज प्रलंबित आहे.