बाटलीतली रास

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, कारण हा घोटाळा माझ्या लग्नाचा आहे. म्हणजे न झालेल्या.

तेव्हा मी ठाण्याहून मुंबईला कॉलेजात जायचो, प्राणिशास्त्र शिकायला. कळव्याची कुसुम माझ्याच वर्गात. मला ती इतकी आवडायची, की समोर आली की मी नुसतं अभ्यासाचंच बोलायचो. सरांनी मला एक बाटली दिलेली. आत पोवळ्यांच्या खडकातला मासा, औषधात राहून पार पांढरा पडलेला. या माशाला इंग्रजीत ‘रास’ म्हणतात. ही रास कुठल्या जातीची, ते मी ओळखायचं. कुसुम रोज विचारायची, "राशीचं जमलं का हो?" तेवढं ऐकायला मी ती रास जन्मभर ओळखली नसती.

एका संध्याकाळी ठाण्याच्या तळावपाळीवर, तळ्याकाठच्या कट्ट्यावर, तिचे वडील भेटले. माझ्या शेजारी बसले, घसा खाकरला.

"कुसुम सांगत होती तुमच्याबद्दल. तुमची रास कोणती?"

बघा, ही घरी माझ्या माशाचं बोलते! मी खुललो.

"काय सांगू काका, कूळ मिळालं, पण जातीचा पत्ता नाही."

"जातीचा पत्ता नाही?"

"रंगावरून काही कळत नाही ना. त्यात सर म्हणतात, ही लहानपणी मादी असते, मोठेपणी नर होते."

काका जरा सरकून बसले. "घरचे काय म्हणतात?"

"वैतागलेत. घरी आलो की बाटली पुढ्यात घेऊन बसतो ना मी."

"रोज?"

"रोज. झाकण उघडलं की वासानं आई उठून शेजारी जाते. पण माझं काही समाधान होत नाही."

काकांनी छत्री उचलली, "येतो" म्हणाले आणि निघाले. मला वाटलं, छाप पडली.

काही महिन्यांनी कुसुम लग्नाचं आमंत्रण द्यायला आली. मुलगा पुण्याचा, वृषभ राशीचा. तेव्हा तिनंच सांगितलं, की त्या दिवशी काका मला स्थळ म्हणून बघायला आलेले आणि त्यांना तिनंच पाठवलेलं.

"पण तुमची स्वतःची रास होती तरी कोणती?" तिनं विचारलं.

"मीन."

ती हसायला लागली, मग डोळे पुसत म्हणाली, "अहो, मग नुसतं मासा म्हणाला असतात, तरी बाबांना चाललं असतं."